माळवदाचा वाडा : सोडायचा की सावरायचा?

प्रश्न : लातूरच्या गंजगोलाईजवळ आमचा जुना माळवदाचा, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेला वाडा आहे. खोल्या 14, खोलीत एकेक कुटुंब, भाडे महिना 300 रुपये, संडास दोन, तेही सामाईक. राहणारे हमाल आणि शिवणकाम करणाऱ्या बायका. महापालिकेची तपासणीची नोटीस आल्यापासून मालक खोल्या रिकाम्या करा म्हणतात. काय करावे?

उत्तर : नोटीस पुन्हा नीट वाचा. 30 वर्षांहून जुनी इमारत तपासून घ्या, असे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम 265-अ सांगते. घर सोडा असे सांगत नाही. तपासणी राहणाऱ्यांनाही करून घेता येते. महापालिकेकडे नोंद असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि अहवालात वर्ग लिहून मागा. सी-1 म्हणजे पाडायलाच हवी, सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-2बी म्हणजे राहूनच दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ काम. सी-1 निघाला तर मात्र एक रात्रही आत काढू नका.

माळवदाचा खरा शत्रू त्याच्यावरची मातीच. गळती लागली की दरवर्षी वर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतात, जुना कोणी काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साधारण साडेचार टन. भिजली की त्याहून जास्त. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत याच ओझ्याखाली माणसे गाडली गेली, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको.

म्हणून मृगाच्या आत माती उतरवा. आधी प्रत्येक तुळईखाली टेकू द्या. मग सगळ्या छतावरून सारखा थर काढत चला. एकच बाजू मोकळी केली तर भार एकीकडे जाऊन भिंत कलते. काढलेली माती छतावरच ढीग करून ठेवू नका. वर उतार देऊन पत्रे टाका. तुळईचे भिंतीत घुसलेले टोक पेचकसाने टोचून पाहा. अर्धा इंच सहज आत गेला तर टोक कुजले आहे. दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल बोल्टने आवळून घ्या. टोकाभोवती सिमेंट भरू नका आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आतच कोंडते आणि भिंत पायथ्याशी फुगते. गिलावा चुन्याचाच हवा. संडासाला लागून असलेली भिंत सगळ्यात आधी तपासा.

पैसे कुणाचे? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे दुरुस्ती मालकाची. सगळ्यांनी मिळून लेखी नोटीस द्या. 15 दिवसांत त्यांनी हालचाल केली नाही, तर तुम्ही दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकता, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच. तुमच्या वाड्याचे वर्षाचे भाडे 50,400, म्हणजे हाती 12,600. माती उतरवायला त्याची मदत होईल, चॅनलला नाही. मुंबईतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या) चाळींना म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे, आपल्याकडे तसे काही नाही. उरलेल्या खर्चासाठी मालकाशी लेखी बोलणी करावीच लागतील.

भाडे मात्र एक महिनाही थकवू नका. मालक घेत नसतील तर चेक पोचपावतीसह पोस्टाने पाठवा. गोलाईच्या पायी अंतरावर 300 रुपयांत दुसरी खोली मिळायची नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. वाडा पाडावाच लागला तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले आहे. त्यासाठी आजच प्रत्येक खोलीचे आतून माप घ्या, दारात उभे राहून फोटो काढा, भाडेपावती आणि वीजबिल त्याला जोडा, आणि एक प्रत वाड्याबाहेर नातेवाइकाकडे ठेवा.