क्लास ड्रोनमुळे बंद झालेला नाही

पत्र: मी वाळवा तालुक्यातला, साखर कारखान्यात नोकरीला. मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला ९१ टक्के. आठवीपासून तिचा एकच धोशा, एनडीएतून फायटर पायलट व्हायचं. मी विरोध केला नाही. जूनमध्ये सांगलीला एनडीएचा क्लासही लावून दिला. पण आता युद्ध ड्रोनवर चालतं. ऑपरेशन सिंदूरमध्ये पाहिलं, युक्रेनमध्ये रोज पाहतोय. इलॉन मस्कसारखा माणूस म्हणतो की पायलट बसवलेल्या फायटर विमानांचा जमाना संपला. तिच्या डोळ्यांदेखत बंद पडणाऱ्या नोकरीसाठी तिने उमेदीची वर्षं का घालवावीत? नोव्हेंबरअखेर मी क्लास बंद केला. पुण्यातल्या एका संस्थेचा ड्रोन पायलटचा कोर्स पाहून ठेवलाय, आगाऊ पैसे भरले की सवलत आहे. पुढे एआयमधलं इंजिनिअरिंग. ती महिनाभर माझ्याशी नीट बोलत नाही. तुम्ही तिला समजवा.
ता. क. दुबईला तेजस पडल्यापासून तिची आई टीव्हीवर विमान दिसलं तरी उठून आत जाते.

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या तारखा मी ओळीने मांडून पाहिल्या. ऑपरेशन सिंदूर २०२५ च्या मे महिन्यातलं. ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी तीनशे-चारशे ड्रोन सोडल्याचं सरकारने सांगितलं, ते तुम्ही ऐकलं असणारच. युक्रेनचं युद्ध तर २०२२ पासून चालू आहे आणि मस्क यांचं ते विधान २०२४ च्या नोव्हेंबरातलं. हे सगळं डोळ्यांसमोर असताना तुम्ही जूनमध्ये क्लासची फी भरलीत. दुबईच्या एअर शोमध्ये तेजस कोसळलं ते २१ नोव्हेंबरला. क्लास बंद केलात नोव्हेंबरअखेर. म्हणजे क्लास ड्रोनने बंद केलेला नाही, त्या एका शुक्रवारने केलाय.

मुलीच्या जिवाची धास्ती वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. ती वाटत नसती तर मला तुमचीच काळजी वाटली असती. पण ही धास्ती तुम्ही पत्रात ताजा कलम म्हणून आईच्या नावावर टाकलीत आणि वर पानभर तंत्रज्ञान लिहिलंत. मुलीसमोरही हेच केलं असणार. ती अकरावीची आहे, विमानांबद्दल तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त वाचत असणार, तुम्ही पाहता ते ड्रोनचे व्हिडिओ तिने आधीच पाहिलेले असणार. त्यामुळे ती न बोलण्याचं कारण एनडीए हुकली हे असेलच असं नाही. ‘पप्पा खरं कारण सांगत नाहीत’ हे तिला कळलंय, असं मला वाटतं. ‘मला भीती वाटते’ असं बापाने सांगितलं तर मुलगी त्यावर भांडेल, रडेल, कदाचित समजूतही घालेल. ‘पायलटची नोकरीच संपणार आहे’ असं सांगितलं, तर तिच्याकडे दोनच वाटा उरतात: तुम्हाला खोटं ठरवायचं किंवा गप्प बसायचं.

आता तुमच्या मुद्द्याकडे येतो. तो अगदीच पोकळ नाही, म्हणून जरा थांबून बोलतो.

पायलट संपणार ही बातमी जुनी आहे. एप्रिल १९५७ मध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांनी संसदेत श्वेतपत्रिका मांडली. पुढचं युद्ध क्षेपणास्त्रांचं असेल, तेव्हा त्या वेळी चाचणीत असलेल्या स्वनातीत (ध्वनीहून वेगवान) लढाऊ विमानाच्या पुढचं विमान आपल्या हवाई दलाला बहुधा लागणारच नाही, असा तिचा सूर होता. विमानांचे कितीतरी प्रकल्प गुंडाळले गेले. ते ‘शेवटचं’ विमान लायटनिंग या नावाने १९८८ पर्यंत उडत राहिलं आणि त्याच्या मागून हॅरियर, जॅग्वार, टोर्नाडो, टायफून अशी रांगच लागली. आज हाच ब्रिटन जपान आणि इटलीला सोबत घेऊन नवं लढाऊ विमान बनवतोय, त्यातही पायलटची जागा आहेच. २०१५ मध्ये अमेरिकेचे नौदल सचिव रे मेबस म्हणाले होते की एफ-३५ हे आमच्या नौदलाचं बहुधा शेवटचं पायलट बसवलेलं लढाऊ विमान ठरेल. दहा वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये अमेरिकी हवाई दलाने एफ-४७ जाहीर केलं. त्यात पायलट आहे, फक्त त्याच्या जोडीने उडणारी बिनपायलटची विमानंही बनतायत.

पण सँडिस पुरते चुकले होते असंही नाही. क्षेपणास्त्रांनी हवाई युद्ध बदललंच, आणि ब्रिटनच्या लढाऊ विमानांची संख्या तेव्हाच्या मानाने आज फारच थोडी उरली आहे. ड्रोनचंही असंच काहीसं होईल असं मला वाटतं. पायलट नाहीसे होणार नाहीत, कमी होतील, आणि जे उरतील त्यांचं काम बदलेल. २०२० मध्ये अमेरिकेत संगणकाने एफ-१६ च्या अनुभवी पायलटला सिम्युलेटरवर ५-० असं हरवलं, हे व्हिडिओवाले सांगतात. त्या लढतीत समोरचं विमान क्षणोक्षणी कुठे आहे याची अचूक माहिती संगणकाला आयती मिळत होती, हे मात्र सांगत नाहीत. खऱ्या आकाशात जॅमिंग असतं, म्हणजे शत्रू रेडिओ लहरी अडवतो, रेडिओ तुटतो, रडारला फसवणारे असतात. युक्रेनमध्ये जॅमिंगला इतके वैतागले की आता ड्रोनच्या मागून ऑप्टिकल फायबरचा धागा सोडत नेतात. येमेनमध्ये हूथी बंडखोरांनी अमेरिकेचे महागडे एमक्यू-९ ड्रोन एकामागून एक पाडले. आणि सिंदूरचंच घ्या. ड्रोन दोन्हीकडून आले, पण १० मेच्या पहाटे पाकिस्तानच्या हवाई तळांवर जो मार बसला त्यात आपल्या हवाई दलाच्या पायलटनी विमानांतून सोडलेली अस्त्रं होती.

तुमची मुलगी बारावी होऊन २०२७ मध्ये एनडीएत गेली, तर तिथली तीन वर्षं, मग हैदराबादजवळ डुंडिगलची अकादमी, असं करत २०३१ च्या सुमाराला अधिकारी होईल. ती वरिष्ठ होईपर्यंत एका पायलटने दोन-चार बिनपायलटची विमानं सोबत घेऊन जाणं नेहमीचं झालेलं असू शकेल. आपल्याकडेही एचएएल या सरकारी विमान कंपनीचं त्याच धर्तीचं वॉरियर तयार होतंय, आणि डीआरडीओने शेपटी नसलेलं, स्वतःहून उडणारं विमान जुलै २०२२ मध्ये चित्रदुर्गला उडवून पाहिलं आहे. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये हवाई दलाने अधिकाऱ्यांसाठी वेपन सिस्टीम्स ही नवी शाखा जाहीर केली. क्षेपणास्त्रवाले आणि दूरवरून विमान चालवणारे, दोघेही त्यात येतात. म्हणजे ज्या ड्रोनच्या भरवशावर तुम्ही तिला हवाई दलापासून लांब ठेवताय, ते चालवायलाही गणवेशच घालावा लागणार.

आता त्या कोर्सबद्दल. हा कोर्स केला की सैन्याचे ड्रोन चालवता येतात, हा गैरसमज फक्त तुमचा नाही, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पालकांचा आहे. नागरी ड्रोन चालवायला जे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं ते डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मान्यताप्राप्त संस्थेत काही दिवसांच्या प्रशिक्षणावर मिळतं. पात्रता दहावी पास. प्रमाणपत्र खरं आहे, त्यावर कामही मिळतं: फवारणी, गावठाणाची मोजणी, लग्नाचं शूटिंग. तुमच्याच भागात उसावर फवारणी करणारा ड्रोन पाहिलात ना? दहा लिटरची टाकी, दर पंधरा-वीस मिनिटांनी बॅटरी बदल, टेम्पोत जनरेटर, बांधावर औषध कालवणारा एक, बॅटऱ्या चार्जिंगला लावणारा एक आणि रिमोट धरलेला एक. एका एकरासाठी एवढी माणसं. सैन्याच्या एमक्यू-९बीसारख्या विमानाला पायलट लागतो, कॅमेरे आणि सेन्सर सांभाळणारा वेगळा, आणि विमान तीस-तीस तास वर राहतं म्हणून या जोड्या पाळीने बदलतात. त्यांच्या मागे तंत्रज्ञ, उपग्रहाची लिंक सांभाळणारे, आलेली चित्रं वाचणारे. काही दिवसांचा कोर्स करून यांतल्या एकाही खुर्चीवर बसता येत नाही. जाहिरातीत लढाऊ ड्रोनचा फोटो टाकून जे फवारणीचं प्रमाणपत्र विकतात, त्यांना पैसे देऊ नका. आणि तसेही देऊन उपयोग नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे या प्रमाणपत्राला वय १८ पूर्ण लागतं. तुमची मुलगी अकरावीत आहे. हे त्या संस्थेने तुम्हाला सांगितलं का?

काळजीच करायची तर ज्याची करायला हवी ते तुमच्या पत्रात आलंच नाही. गेल्या काही जाहिरातींत एनडीएतून हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेत मुलींसाठी दर परीक्षेला जागा होत्या फक्त २. देशभरातून दोन. ड्रोनपेक्षा हा आकडा कितीतरी भयंकर आहे. मग मेडिकल. किमान उंची साधारण १६३ सेंटिमीटर, पायांची आणि मांडीची लांबी ठरावीक मापात, नजर आणि रंगओळख काटेकोर. यातली मापं अभ्यासाने बदलत नाहीत. तेव्हा २०४५ मध्ये पायलट लागतील का, हा वाद घालण्याआधी तिला सांगलीतल्या चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे न्या, उंची नीट मोजा आणि चालू जाहिरातीतल्या मापांशी ताडून पाहा. डोळ्यांवरच अडणार असेल तर ते आत्ता कळलेलं बरं. तिसरी गोष्ट, एसएसबीच्या (लेखी परीक्षेनंतरच्या निवड मंडळाच्या मुलाखतीच्या) वेळी होणारी पायलटची संगणकीय निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. सतराव्या वर्षी त्यात नापास झाली तर पुढे पदवीनंतर एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतूनही फ्लाइंगचं दार बंद. अर्धवट तयारीने ‘बघू तरी देऊन’ म्हणून तिथे जायचं नसतं. क्लास मध्येच तोडणं म्हणूनही मला पटलेलं नाही.

बाकी वाटा तिला माहीत असतील: एनडीए वर्षातून दोनदा, पदवीनंतर एएफकॅट, कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगचं सी प्रमाणपत्र काढलं तर वेगळा प्रवेश. (घरात दहावीतली मुलगी असलेल्या इतर पालकांसाठी: मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ पासून नाशिकला आहे, प्रवेश अकरावीला होतो.)

आणि एआय? तिला कोडिंगची गोडी असती तर पत्रात एखादं तरी वाक्य आलं असतं. ‘पायलट नको’ याला जोडून आलेलं एआय म्हणजे शिक्षा आहे, शाखा नव्हे. विमानं बनवण्यात तिला रस आहे का, हे मात्र जरूर विचारा, कारण ती वाट खरंच चांगली आहे आणि आपल्या दारात आहे. ओझरला एचएएलने सुखोई बांधली, आता तिथून तेजसही बाहेर पडू लागलंय. लक्ष्यावर घिरट्या घालून आदळणारं नागास्त्र नागपुरात बनतं. पुण्यात डीआरडीओच्या प्रयोगशाळा आहेत. त्यासाठी एरोस्पेस, इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल पक्कं करावं लागतं. नुसतं एआय नाव असलेली पदवी पुरत नाही.

तिच्या आईला मी काय सांगू? फायटर पायलटचं काम धोक्याचं आहे. सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हणालं तर तुम्हीही विश्वास ठेवू नका. दुबईच्या अपघातात जीव गमावलेले विंग कमांडर नमांश स्याल अनुभवी अधिकारी होते. एवढं कळूनही एखाद्या मुलीला तेच करायचं असतं, आणि सज्ञान झाल्यावर तो निर्णय तिचा असतो. तोपर्यंत आईने टीव्हीपासून उठून आत जाऊ नये. लेकीला शेजारी बसवावं आणि मनात जे येतं ते बोलून दाखवावं. मुलीलाही आईच्या भीतीला उत्तर द्यायची सवय हवी. एसएसबीत तिला याहून अवघड प्रश्न विचारतील.

तुम्ही लिहिलंत, ‘तिला समजवा’. ते मी करणार नाही. क्लासच्या सरांना फोन करून तिची जागा आहे का विचारा, डोळ्यांची तपासणी करून घ्या, आणि तिला म्हणावं, तुला वाटलं तर मला तू स्वतः पत्र लिही. फक्त दोन गोष्टी लिहायला सांगा: उडायचंच आहे की गणवेश हवा आहे, आणि फ्लाइंगला नाही घेतलं तर ग्राउंड ड्यूटी, नौदल किंवा सैन्य चालेल का. ते पत्र पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.