सिस्टर, एक विचारू? : रिव्हॅलिडेशनचे पाच कागद

प्रश्न : ताई नमस्कार, मी मूळची साताऱ्याकडची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून पुण्यात सात वर्षं काम केलं आणि आता अडीच वर्षं झाली बर्मिंगहॅमला मेडिकल वॉर्डवर आहे. सहा महिन्यांनी माझं पहिलं रिव्हॅलिडेशन (दर तीन वर्षांनी नर्सची नोंदणी पुढे चालू ठेवायची इथली प्रक्रिया) आहे, तास वगैरे सगळे भरलेत पण ते पाच रिफ्लेक्टिव्ह अकाउंट, म्हणजे कामातल्या अनुभवातून काय शिकलो ते लिहायचे कागद, काही केल्या लिहून होत नाहीत. इंग्रजीचा प्रॉब्लेम नाही, लॅपटॉप उघडला की पुण्यातला मेमो आठवतो. एका डोसच्या गडबडीवरून माझ्याकडून लेखी खुलासा घेतला होता आणि तोच नंतर फाइलला लागला. मैत्रीण म्हणते नेटवरून तयार घे आणि थोडं बदल. आपली चूक आपल्याच हाताने लिहून द्यायची म्हणजे उद्या पिन, म्हणजे इथली नोंदणी, जायची भीती नाही का? आणि अनुभवावर विचार करायच्या गिब्ज सायकल या पद्धतीचे सहाही टप्पे लागतातच का?
– एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : अगं, आधी भीतीचं बोलू कारण तीच तुला लिहू देत नाहीये. हे पाच अकाउंट एनएमसीला, म्हणजे तिथल्या नर्सिंग कौन्सिलला, पाठवायचेच नसतात. आपण लिहायचे, दुसऱ्या रजिस्टर्ड नर्सबरोबर किंवा मिडवाइफबरोबर बसून त्यावर बोलायचं, ती फॉर्मवर सही करते आणि लिहिलेले कागद आपल्याकडेच राहतात. पेशंटचं नाव, बेड नंबर, तारीख, ओळख पटेल असं काहीही त्यात नको, सहकाऱ्याचंही नको. कोर्टाने मागितले तर द्यावे लागू शकतात हे मी तुझ्यापासून लपवणार नाही, म्हणून खरं तेच लिही, आणि घटना गंभीर असेल तर तिचा इन्सिडेंट रिपोर्ट आधीच झालेला असला पाहिजे, रिफ्लेक्शन लिहिलं म्हणून रिपोर्ट टळत नाही.

गिब्जचं चक्र १९८८ चं, शिकताना चांगलं आहे, पण इथे त्याची सक्ती नाही. २०१६ पासून हे रिव्हॅलिडेशन आलं तेव्हापासून फॉर्म साधाच आहे: कशाबद्दल लिहितेस, काय शिकलीस, कामात काय बदललंस, आणि कोडशी, म्हणजे एनएमसीच्या आचारसंहितेशी, त्याचा संबंध काय. झालं. पाचही चुकाच असायला पाहिजेत असंही नाही. तू जी ३५ तासांची ट्रेनिंगं केलीस त्यातलं एखादं चालतं, पेशंटच्या मुलीने सांगितलेली एखादी गोष्ट चालते, चांगला गेलेला दिवससुद्धा चालतो.

आता खरा मुद्दा. आपल्याकडे लिहायचं म्हणजे खुलासा. खुलासा आपण स्वतःला वाचवायला लिहितो, त्यामुळे त्यात वॉर्ड फुल होता, स्टाफ कमी होता, सूचना मिळाली नव्हती असंच येतं, आणि ते खोटं असतं असंही नाही. पण त्यातून आपल्या हाताला काही कळत नाही. मी माझंच सांगते. इथल्या एका वॉर्डवर सकाळी एका आजोबांना नाश्त्याआधीचं रॅपिड इन्सुलिन दिलं आणि सव्वानऊला बघते तर त्यांचा शर्ट घामाने भिजलेला, हात थरथरतायत, शुगर २.८, म्हणजे आपल्या हिशोबाने पन्नासच्या आसपास. सोनोग्राफीसाठी त्यांना उपाशी ठेवलेलं होतं. शिरेतून ग्लुकोज दिलं, ते सावरले, रिपोर्ट केला, आजोबांना आणि त्यांच्या बायकोला मी स्वतः जाऊन चूक सांगितली. मग रिफ्लेक्शन लिहिलं तर काय लिहिलं, हँडओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सांगणं) स्पष्ट नव्हता, कम्युनिकेशन सुधारायला हवं. माझ्याबरोबर बसलेली सिस्टर वयाने माझ्यापेक्षा लहान होती, तिने ते वाचलं आणि एवढंच विचारलं, सुई टोचताना तू कुठे बघत होतीस?

मी घड्याळाकडे बघत होते. आठच्या आत सगळी इन्सुलिनं संपवायची हे डोक्यात. उपाशी असल्याची पाटी बेडच्या डोक्याशी होती, तिच्यावर त्यांचा गाऊन लटकत होता, आणि हँडओव्हरमध्ये नाइटच्या सिस्टरने ते सांगितलंही होतं, पण त्या क्षणी मी आधीच्या पेशंटचं काहीतरी कागदावर उतरवत होते, कानावर पडलं आणि निसटलं. हे लिहिताना मला रडू आलं. पण त्या दिवसापासून मी नाश्त्याचं ताट टेबलावर दिसल्याशिवाय इन्सुलिनचं पेन उघडत नाही, आणि पेशंटला विचारते, आज खाणार आहात ना? कम्युनिकेशन सुधारायचं असं लिहून थांबले असते तर हे ताट बघणं कधीच सुचलं नसतं.

म्हणून नेटवरचं तयार घेऊ नकोस. पकडली जाशील म्हणून म्हणत नाहीये (तेही होऊ शकतं, सही करणारी दोन प्रश्न विचारते आणि आपण गडबडतो), पण त्यात तुझी नजर कुठे होती ते नसणार. पुण्यातली ती डोसची गोष्ट या पाचात नको, या तीन वर्षांतलंच लिहायचं असतं, पण स्वतःसाठी एकदा मराठीत लिहून काढ, खुलाशात जे लिहिता आलं नाही ते सगळं. मग इथलं लिहायला बस, मला वाटतं हात मोकळा होईल.

प्रश्न : मी जिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नाइटला एका सिस्टरकडे चाळीस पेशंट असतात. आमच्याकडे सीएनईची (नोकरीत असताना करायच्या नर्सिंग प्रशिक्षणाची) सर्टिफिकेटं जमवतो तेवढंच. हे रिफ्लेक्शन आम्हाला कसं जमणार?
– एक वाचक, विदर्भ

उत्तर : चाळीस पेशंटना एक सिस्टर ही तुमची चूक नाही आणि कितीही रिफ्लेक्शन केलं तरी ती जागा भरून निघणार नाही, त्यासाठी पदंच भरावी लागतील, ते मागत राहा. पण ड्युटी संपल्यावर चहा घेताना विश्वासातल्या एकाच मैत्रिणीशी, आठवड्यातून एकदा, तीन प्रश्न बोलून बघा: काय झालं, त्यातून काय कळलं, आता काय वेगळं करणार. दहा मिनिटं पुरतात. लिहायचंच असेल तर साध्या वहीत, नावाशिवाय, आणि वही घरी. व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं काहीही टाकू नका, पेशंटचा फोटो तर अजिबातच नाही.