वेलाला फळ धरत नाही म्हणून युरिया ओतू नका

प्रश्न : परसबागेत दुधी, काकडी आणि टोमॅटो आहेत. वेल जोमात आहेत, फुलेही भरपूर, पण सगळी गळतात. दुकानदाराने युरिया आणि टॉनिक दिले आहे, किती टाकू? पहिला दुधी कडवट निघाला. शिजवला तर चालेल का?

उत्तर : युरियाची पिशवी आधी बाजूला ठेवा. पाने गर्द हिरवी, वेल पळतोय आणि फळाचा पत्ता नाही, म्हणजे बहुतेक वेळा नत्र जास्तच झालेले असते. युरियात ४६ टक्के नत्र. चार वेलांच्या वाफ्यात मूठभर टाकला तर मुळे करपू शकतात. आणखी टाकू नका.

आता वेलाचे गळालेले फूल हातात घेऊन बघा. मागे इवलेसे फळ नसेल तर ते नर फूल, ते गळणारच. सुरुवातीला नर फुलेच येतात. दुकानदार नेमके तेव्हाच टॉनिक विकतो. फळ असलेले, म्हणजे मादी फूल पिवळे पडून गळत असेल तर परागीभवन झालेले नाही. ते हाताने करा. नर फूल तोडून पाकळ्या मागे सारा आणि परागकण मादी फुलाच्या मधोमध हलके फिरवा. काकडीला हे सकाळी करायचे, दुधीला संध्याकाळी, कारण त्याचे फूल तेव्हा उमलते. इथेच बहुतेकांची वेळ चुकते.

टोमॅटोची फुले पारा ३५ अंशांपुढे गेला की गळतात. टॉनिकने ऊन उतरत नाही. दुपारची सावली करा आणि पालापाचोळ्याचा ५ ते ७ सेंटिमीटर थर द्या, खोडापासून चार बोटे सोडून. उन्हाळी बागेत दुसरे काही जमले नाही तरी आच्छादन कराच.

मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून संध्याकाळी फवारा. सकाळी फुलांवर मधमाश्या असतात, तेव्हा काहीच फवारू नका. दुकानातले रासायनिक औषध परसबागेत नको, दुप्पट मात्रेत तर नकोच नको. काकडी तुम्ही एक-दोन दिवसाआड तोडणार; लेबलवरचा प्रतीक्षा काळ, म्हणजे फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे दिवस, पाळणार कधी?

कडू दुधी फेकून द्या. त्यातले कुकरबिटासिन हे कडू विषारी द्रव्य शिजवून जात नाही, मीठ-साखरेने फक्त चव झाकते. त्याचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या झालेल्यांची उदाहरणे आहेत. दुधी असो वा काकडी, चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावा, कडू लागला तर थुंका आणि अख्खे फळ टाका. चुकून खाल्ले आणि उलटी-जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठा.

बियाणे संचावर अनुदान आहे का, ते कृषी कार्यालयात विचारा. त्यासाठी पेरणी अडवू नका. पुढचा दुधी नख सहज रुतते तोवरच तोडा. जून झाला की बी कडक होते आणि वेलही नवीन फळ कमी धरतो.