प्रमाण विचारत जा

अगं,

काल व्याख्यानानंतर तू लिहिलेलं वाचलं. पडद्यावर दुष्काळप्रवण तालुक्यांचा नकाशा, अख्खं फलटण एकाच लाल रंगात, आणि तुझं गाव नीरा उजव्या कालव्याखाली, बांधापर्यंत ऊस. तू काय धरून बसलीस? पाहुणे मोठ्या संस्थेतले, म्हणजे समजण्यात घोळ आपलाच. वर विचारतेस, पीएच.डी.चा विषय वेगळा असताना अशा व्याख्यानांना बसायचं कशाला!

प्रमाण विचारायला बसायचं. नकाशा कोणत्या प्रमाणावर काढलाय, म्हणजे जमिनीवरचं अंतर कागदावर किती पट लहान केलंय, आणि एकक कोणतं घेतलंय, म्हणजे एक रंग गावाला दिलाय, तालुक्याला की जिल्ह्याला? पाहुण्यांचा रंग खोटा नव्हता. तालुका एकक धरला की कालव्याखालचा उत्तर भाग आणि दक्षिणेचं कोरडवाहू एकाच रंगात बुडतं. अख्खा सातारा जिल्हा धरलास तर आणखी गंमत. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. त्यातून निघणारी साताऱ्याची सरासरी ना इकडच्या शेतकऱ्याच्या कामाची, ना तिकडच्या.

भारताचा किनारा ७,५१६.६ किलोमीटर, हे आपण सगळ्यांनी पाठ केलं. नव्या मोजणीत तो ११,०९८.८१ निघाला. समुद्र कुठे हलला नाही. अधिक मोठ्या प्रमाणाचा, म्हणजे जास्त बारकावे दाखवणारा नकाशा घेतला आणि खाड्यांची वळणं मोजणीत आली. एवढा फरक पडतो, म्हणून म्हणतो, प्रमाण विचार.

मी जन्मभर विचारलं. शाल-श्रीफळ व्हायचं, परिचयातच निम्मा वेळ जायचा आणि प्रश्नांची पाळी आली की सूत्रसंचालक ‘वेळेअभावी’ म्हणून माइक आवरायचे. तरी मी उठायचो. पाहुण्यांचा अवमान होतो म्हणून एका विभागप्रमुखांनी मला मागच्या रांगेत बसवलं. पुढे चर्चासत्रांची बोलावणी आटली. खंत आहे, नाही असं नाही. ऐकण्यासारखी कितीतरी माणसं राहून गेली. पण प्रमाण विचारल्यानं ज्याचा अपमान होतो, त्यानं भूगोलाच्या विभागात पाऊल तरी का टाकावं? जे खरे अभ्यासक होते, ते चहा गार होईपर्यंत माझ्याशी टोपोशीटवर, सर्वेक्षणाच्या तपशीलवार नकाशावर, वाकून बोलत बसले. हट्टी म्हण हवं तर.

आता तुझ्या सादरीकरणाचं. स्लाइडवर नुसतं १:५०,००० लिहून मोकळी होऊ नकोस. पडद्यावर नकाशा फुगतो, दोन सेंटिमीटरचा किलोमीटर हातभर होतो आणि तो आकडा तिथेच खोटा पडतो. रेषाप्रमाण टाक, म्हणजे किलोमीटरच्या खुणांची आखलेली पट्टी, ती नकाशाबरोबर वाढते. प्रत्येक नकाशावर टाक, अगदी लहानशा चौकटीतल्या स्थाननिर्देशक नकाशावरसुद्धा. आणि एकक तूच आधी सांग, कुणी विचारायची वाट बघू नकोस.

शंका मला लिहून काय उपयोग? आजच पाहुण्यांना ईमेल टाक. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावागणिक सिंचित क्षेत्र आहे. फलटणची गावं काढ, कालव्याखालची आणि वरची वेगळी कर, आणि विचार की एकक गाव धरलं असतं तर रंग काय आले असते. नमस्कार-चमत्कार एका ओळीत आटप. आठवड्यात उत्तर आलं नाही तर पुन्हा टाक, आणि प्रत मला पाठव.