मार्शल जेसीएम २००० डीएसएल १०० या गिटार अँपवर (अँप्लिफायरवर) क्लीन, म्हणजे साफ आवाज, जमवला की डिस्टॉर्शन, म्हणजे फाटका आवाज, बिघडतं. काय करू?

या अँपच्या दोन्ही चॅनलना बास, मिडल, ट्रेबल सामाईक आहेत, म्हणून असं होतं. आधी अल्ट्रा गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचा चॅनल, लावा. तिन्ही नॉब ५ वर, टोन शिफ्ट बंद. ते बटण मिडल खातं आणि बँडमध्ये गिटार बुडते. गेन (आवाज किती फाटतो ते ठरवणारा नॉब) हवासा वाटतो त्याहून थोडा कमीच ठेवा. पाम म्यूट करून (तळहाताची कड तारांवर हलकी टेकवून) सगळ्यात जाड तार छेडा: 'धप्' असा सुटा आवाज यायला हवा. भरभरली तर गेन किंवा बास उतरवा. मग क्लीनवर जा, पण ईक्यूला, म्हणजे त्या तीन नॉबना, हात लावू नका. फक्त त्याचा गेन आणि व्हॉल्यूम जुळवा. टोचत असेल तर गिटारचाच टोन नॉब जरा मागे घ्या. आणि हे सगळं ड्रम वाजत असताना, त्याच आवाजात करा. घरी हळू आवाजात बेतलेला बास तिथे नुसता घुमतो.