फ्रेंचचा धसका नको, इंग्रजी लिहायला लावा

प्रश्न : ताई, मुलगी बारावी झाली. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात सोशल सायन्सेसला प्रवेश मिळतोय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुढे वकिली करायची म्हणते. लांब पल्ल्याचं पळतेही चांगलं. पण तिथं फ्रेंच चालते म्हणे. निभावेल का?
– एक पालक, आष्टी तालुका, जि. बीड

उत्तर : दादा, निभावेल. फ्रेंचची भीती मात्र आधी मनातून काढा.

इंग्रजी-फ्रेंच द्विभाषिक विद्यापीठांत ओटावा जगात सगळ्यांत मोठं. १८४८ मध्ये कॉलेज म्हणून निघालं, तेव्हा गावाचं नाव बायटाऊन होतं. द्विभाषिक म्हणजे प्रत्येकाला दोन्ही भाषा आल्याच पाहिजेत, असं नाही. सोशल सायन्सेसची पदवी इंग्रजीतून घेता येते. वर्ग कोणत्याही भाषेत चालो, निबंध आणि पेपर इंग्रजीत लिहायचे की फ्रेंचमध्ये, हे विद्यार्थी ठरवतो. भाषेचा विषय असेल तर गोष्ट वेगळी. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. अंबाजोगाईत राज्यशास्त्र शिकवताना मी बघायची, वर्गात तोंड न उघडणारी मुलगी मराठीत पेपर लिहायला बसली की पुरवणीवर पुरवणी मागायची. तीच मुलगी इंग्रजीत चार ओळींवर अडायची. तिला विषय येत नव्हता असं नाही.

तुमच्या लेकीला तिथं मराठीची सोय नाही, म्हणून खरी तयारी इंग्रजी लिहिण्याची. जाईपर्यंत रोज एक पान लिहायला लावा, पाठांतराचं नको, स्वतःच्या मताचं. आपल्याकडच्या जुन्या वकिलांनी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून कायदा वाचला आणि घरी मराठीच बोलले. परकी भाषा अंगवळणी पडते.

वकिलीचं नीट समजून घ्या. तिथं कायद्याच्या फॅकल्टीत दोन शाखा आहेत. फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताचा सिव्हिल लॉ, म्हणजे लिखित संहितेवर चालणारा कायदा, फ्रेंचमधून; बाकी प्रांतांचा कॉमन लॉ, म्हणजे आपल्यासारखा आधीच्या निकालांचा आधार घेणारा कायदा, इंग्रजीतून किंवा फ्रेंचमधून. आपल्यासारखा बारावीनंतर पाच वर्षांचा रस्ता तिला नाही. कॉमन लॉसाठी आधी किमान तीन वर्षं विद्यापीठात काढावी लागतात, तेवढ्या खर्चाचा हिशोब आत्ताच मांडा. त्या तीन वर्षांत पहिल्या पायरीपासून फ्रेंच शिकली तर सोनंच. कॅनडाचे सरन्यायाधीश रिचर्ड वॅग्नर इथूनच कायदा शिकले. ‘जेपर्डी’ हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम छत्तीस वर्षं चालवणारे अ‍ॅलेक्स ट्रेबेक १९६१ मध्ये इथून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडले आणि सरकारी प्रसारण संस्थेत इंग्रजी-फ्रेंच दोन्हींत बातम्या देऊ लागले. दोन भाषा येणाऱ्याला त्या देशात काम मिळतं, ते असं.

आता पळण्याचं. विद्यापीठाच्या संघांना ‘जी-जीज’ म्हणतात. गाजावाजा तिथल्या फुटबॉलचा (आपला नव्हे, चेंडू हातात घेऊन पळायचा), त्याच शहरातल्या कार्लटन विद्यापीठाशी १९५५ मध्ये सुरू झालेल्या ‘पांडा गेम’ या सामन्याचा. पण तुमच्या लेकीचं काम क्रॉसकंट्रीशी, म्हणजे माळरानावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीशी. अविनाश साबळेंच्या तालुक्यातली पोरगी, तिनं पळणं सोडू नये. क्रॉसकंट्रीचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो, थंडीत शर्यती छताखालच्या ट्रॅकवर होतात. तिच्या ३००० मीटरच्या वेळा प्रशिक्षकांना आत्ताच ईमेलनं कळवा. हाताच्या घड्याळावर घेतलेल्या असतील तर तसं स्पष्ट लिहा. आणि ते पत्र तिचं तिलाच लिहू द्या.