फळी, उंची आणि भीती: डायव्हिंगविषयी वाचकांचे प्रश्न

मुलगी १० वर्षांची आहे, छान पोहते. डायव्हिंगला घालायला उशीर झाला का?

नाही. मात्र छान पोहण्याचा इथे फारसा उपयोग नाही. काठापर्यंत येता आलं की पुरे. लवचीक अंग, पायांत जोर आणि हवेत आपण कुठे आहोत याचं भान हवं. अमेरिकेचा ग्रेग लुगेनिस लहानपणी नाच आणि जिम्नॅस्टिक्स शिकला होता. १९७६ला मॉन्ट्रियलमध्ये, १६व्या वर्षी त्याने ऑलिंपिक रौप्य मिळवलं. क्लब निवडताना जमिनीवरच्या सरावासाठी ट्रॅम्पोलिन आहे का, ते आधी बघा.

स्प्रिंगबोर्ड करावा की १० मीटर प्लॅटफॉर्म?

सुरुवात स्प्रिंगबोर्डनेच, म्हणजे उसळणाऱ्या लवचीक फळीने; प्लॅटफॉर्म हलत नाही. १० मीटरवरून पाण्यात शिरताना वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. तो मार मनगटं आणि खांदे सोसतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये चीनच्या क्वान होंगचानने प्लॅटफॉर्मचं सुवर्ण जिंकलं तेव्हा ती १४ वर्षांची होती. हाडं कोवळी असताना रोज इतक्या उंचीवरून उड्या मारणं मला पटत नाही, पदक येवो न येवो.

मुलाचं डोकं फळीला लागलं. जखम भरली, पण रिव्हर्स उडी तो टाळतो. काय करावं?

त्याची भीती खोटी नाही. रिव्हर्समध्ये उडी पुढे आणि गिरकी मागे, म्हणजे फळीच्याच दिशेने असते. उडी पुढे पडली नाही, तर डोकं फळीपाशी येतं. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये लुगेनिसचं तेच झालं. स्प्रिंगबोर्डच्या प्राथमिक फेरीत रिव्हर्स अडीच कोलांट्या घेताना डोकं आपटलं, टाके पडले, तरी तो लगेच परतला आणि दुसऱ्या दिवशी सुवर्ण जिंकला. पुढे प्लॅटफॉर्मवर त्याची शेवटची उडीही रिव्हर्सच होती, साडेतीन कोलांट्यांची, काठिण्यांक ३.४. चीनच्या १४ वर्षांच्या शियाँग नीला त्याने अवघ्या १.१४ गुणांनी मागे टाकलं.

हे मुलाला जरूर सांगा, पण त्याचं अनुकरण नको. डोक्याला मार बसल्यावर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पाण्यात उतरायचंच नाही. परवानगी मिळाली की आधी जमिनीवर, कमरेला पट्टा बांधून सराव. मग १ मीटरवरून साधी रिव्हर्स. कोलांट्या नंतर, आधी फळीपासून लांब पडायला शिकू द्या. ‘घाबरू नकोस’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकापेक्षा ‘आज एक मीटरच’ म्हणणारा बरा.

यात पैसा आहे का?

फारसा नाही. आपल्याकडे रेल्वे आणि सेनादलांचे संघ आहेत, त्यामुळे नोकरीची वाट असते. शिक्षण सोडू नये.